रस्त्यावरून खोलीपर्यंत: ठाणे आणि नवी मुंबईत पुन्हा बस्तान बसवताना

काम मिळालं की बाकीचं आपोआप मार्गी लागेल, असं रस्त्यावर राहून आलेला जवळपास प्रत्येक जण म्हणतो. खरं तर ठाण्यात काम मिळणं तितकंसं अवघड नाही. सकाळी नाक्यावर उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच. अवघड असतं ते कमावलेले पैसे महिनाअखेरीपर्यंत स्वतःजवळ टिकवणं. खातं नाही म्हणून हजेरीचे पैसे मुकादमाकडेच ठेवले आणि मुकादम साइट बदलून गेला. फोन नाही म्हणून दुसऱ्या दिवशीचं बोलावणं चुकलं. फलाटावर झोप लागली तेवढ्यात खिसा कापला गेला. यातल्या एकाही माणसाला कामाची कमतरता नव्हती. पत्ता आणि कागद नव्हते, तिथे गाडी अडली.

म्हणून इथला क्रम काहींना उलटा वाटेल: आधी पाठ टेकायची जागा, मग कागद, मग फोन आणि खातं, त्यानंतर काम, आणि खोली शेवटी. तुम्ही स्वतःसाठी वाचत असाल किंवा दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्या एखाद्या काकांना हात द्यायचा म्हणून वाचत असाल, क्रम तोच ठेवा.

निवारा

शहरी बेघरांसाठीचा निवारा म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राज्यांना बजावलं. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांची वेगळी योजनाच आली. तिच्या नियमांप्रमाणे निवारा बारा महिने, चोवीस तास उघडा असायला हवा आणि माणशी निदान पन्नास चौरस फूट जागा धरायला हवी. चोवीस तास ही गोष्ट ध्यानात ठेवा. रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोपायला जागा लागते, आणि ती मागताना ओशाळायचं कारण नाही.

ठाण्यात पाचपाखाडीच्या महापालिका मुख्यालयात समाज विकास विभाग आहे. तिथवर जाणं जमत नसेल तर कळवा, मुंब्रा, दिवा, वागळे, उथळसर अशी जी प्रभाग समिती जवळची असेल तिथे विचारा. नवी मुंबईत बेलापूरचं मुख्यालय आहे आणि दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आठ विभाग कार्यालयं आहेत. वाक्य साधं ठेवा: "साहेब, राहायला जागा नाही, बेघर निवारा केंद्राचा पत्ता द्या." तुमची कर्मकहाणी त्या टेबलावर सांगत बसू नका. ती ऐकायला त्यांना वेळ नसतो, आणि नंतर तुम्हालाच वाईट वाटतं. रात्र झाली असेल तर ११२ ला फोन करा.

ओळखपत्र नाही म्हणून दारातून परत फिरू नका. कागद काढून द्यायला मदत करणं हे निवाऱ्याच्या कामातच धरलेलं आहे.

पहिल्या रात्री झोप लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दिवा पूर्ण बंद होत नाही, कुणीतरी घोरतं, कुणी झोपेत ओरडतं. ढेकूणही असतात, सगळीकडे नाहीत पण असतात. उघड्यावर झोपायची सवय झालेल्या माणसाला भिंतीच अंगावर येतात. बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'नको बाबा' म्हणून पुन्हा स्टेशन गाठतात. एक आठवडा कळ काढा, एवढंच म्हणेन. पलंग मिळत असेल तर भिंतीकडेचा मागून घ्या. कपाटाला स्वतःचं कुलूप लावा.

बाई एकटी असेल, मारहाणीमुळे घर सुटलं असेल, तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथून सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून देतात, आणि राहण्याची, पोलिसांची, वकिलाची सोय एकाच ठिकाणाहून सुरू होते. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिथे राहण्याचा तुमचा हक्क उरतो. 'तू घर सोडून गेलीस, आता विषय संपला' असं कुणी सांगितलं म्हणून तो संपत नाही. मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७.

निवाऱ्यात नाव नोंदलं की व्यवस्थापकाकडून शिक्क्याचं पत्र घ्या आणि खिशात ठेवा. याला कारण आहे. आपल्याकडे १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी फिरतोय, एवढ्यावरूनही त्यात माणूस उचलला जाऊ शकतो. भीक न मागणारेही त्या गाडीत बसलेत. निवाऱ्याचं पत्र किंवा कामाचं ओळखपत्र दाखवलं की बोलणं बरंच सोपं होतं. तरीही नेलंच, तर मोफत वकील मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठाणे न्यायालयात आहे, आणि १५१०० वरही मागणी करता येते. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट लागत नाही.

कागद

पहिला नियम: आधी कधी आधार काढलं असेल तर नवीन काढायला जाऊ नका. बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो, त्यात महिना-दोन महिने जातात. नंबर आठवत नसेल तर आधार केंद्रावर जाऊन 'हरवलेलं आधार शोधायचंय' असं सांगा. ठसे देऊन जुना नंबर सापडतो आणि प्रिंट मिळते. हेल्पलाइन १९४७. सिमेंट, विटा, भांडी यांत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. मशीन तीनतीनदा लाल दिवा दाखवतं आणि ऑपरेटर वैतागतो. तेव्हा शांतपणे म्हणा, "दादा, डोळ्यांचं स्कॅन घ्या ना." बहुतेक वेळा त्यात काम होतं.

कधीच काढलं नसेल तर पहिली नोंदणी मोफत आहे. पत्त्यासाठी आधारचा एक ठरावीक नमुन्याचा दाखला असतो. तो आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकारी देऊ शकतात, आणि मान्यताप्राप्त निवाऱ्याचे अधीक्षकही देऊ शकतात. ही शेवटची सोय ठाऊक नसल्यामुळे लोक दाखल्यासाठी महिनोन्महिने कार्यालयांचे उंबरे झिजवतात. दाखला तीन महिनेच चालतो, तेव्हा सही-शिक्का झाला की त्याच आठवड्यात केंद्रावर जा. फोटोवर शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर असा आडवा आलाय का, हे तिथेच बघा. नसेल तर परत पाठवतात.

नाव एकदाच नीट ठरवा. गावाकडच्या दाखल्यावर बाळासाहेब, निवाऱ्याच्या वहीत बाळू, आधारवर बाळकृष्ण, असं झालं की पुढे बँक, रेशन, पेन्शन सगळीकडे अडतं. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यासारखा असेल तर गावच्या शाळेत फोन करून बघा. जुन्या शाळांच्या रजिस्टरमध्ये नोंद बहुधा सापडते. पाकीटच हरवलं असेल तर पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद करून तिची प्रत ठेवा. दुसरी प्रत काढताना ती सगळीकडे मागतात.

मतदार ओळखपत्राबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बेघर माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. नमुना ६ भरताना आपण रात्री जिथे झोपतो ती जागा लिहायची, पुलाखालची असली तरी. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री तिथे येऊन तुम्ही खरंच झोपता का ते पाहतो, एकापेक्षा जास्त रात्री येतो. त्याची खात्री पटली की कागद मागायचा नाही, असा निवडणूक आयोगाचाच नियम आहे. कर्मचाऱ्यालाही कधीकधी तो माहीत नसतो. १९५० ला फोन लावून विचारा आणि त्याच्यासमोरच विचारा.

रेशनचं गावाकडे कार्ड असेल आणि त्यात तुमचं नाव असेल, तर ते इथेही चालतं. बीडचं, यवतमाळचं कार्ड ठाण्याच्या दुकानात अंगठा देऊन वापरता येतं, फक्त ई-केवायसी झालेली हवी. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं. २०२३ पासून ते मोफत आहे. एकाच कार्डात घरातले बाकीचे गावी असतील तर आधी त्यांना फोन करा, नाहीतर इथे तुम्ही सगळ्यांचं धान्य उचलाल आणि तिकडे भांडण पेटेल. नवीन कार्ड काढायचं असेल तर ठाणे आणि नवी मुंबई शहरात तहसील कार्यालय नव्हे, शिधावाटप कार्यालय गाठावं लागतं. निवाऱ्यात चूल नसते, म्हणून कोरडं धान्य आज निरुपयोगी वाटेल. तरी कार्ड काढून ठेवाच, कारण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत आणि तिथे पहिला प्रश्न रेशनकार्डाचाच असतो.

तोवर जेवणाचं काय? तीन हात नाक्याच्या गुरुद्वारात लंगर असतो, तिथे कुणी नाव-गाव विचारत नाही. पाय धुवा, डोक्यावर रुमाल घ्या, पंगतीत बसा.

कार्यालयाबाहेर फाइल काखेत घेऊन उभे असलेले लोक 'दोन हजारात सगळं करून देतो' म्हणतात. मूळ कागद त्यांच्या हातात देऊ नका. काम त्यांच्याकडून झालं तरी कागद सोडवायला आणखी पैसे मोजावे लागतात. मूळ कागदांसाठी चेनचं प्लॅस्टिक पाकीट घ्या, झेरॉक्सचा एक जोड निवाऱ्याच्या कपाटात ठेवा, आणि सगळ्यांचे फोटो काढून विश्वासातल्या एका माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा.

फोन आणि खातं

फोन साधा चालेल, पण नंबर एकच ठेवा. प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे. रिचार्ज तीन-चार महिने थकलं की नंबर बंद होतो आणि काही दिवसांनी दुसऱ्याला मिळतो. मग तुमच्या खात्याचे मेसेज त्याच्या फोनवर वाजतात.

बँकेत 'कागद आणा' म्हणून परत पाठवलं, तर 'लहान खातं' या प्रकाराचं नाव घ्या. ओळखीचा कुठलाही अधिकृत कागद नसताना, बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा देऊन आणि फोटो लावून हे खातं उघडता येतं. त्यात शिल्लक पन्नास हजारांच्या वर जाता कामा नये, वर्षभरात जमा एक लाखापर्यंत, आणि महिन्याला दहा हजारांपर्यंत काढता येतात. मुदत बारा महिने. त्या काळात आधार वगैरेसाठी अर्ज केल्याचं दाखवलं की आणखी बारा महिने. आधार आलं की तेच साधं बचत खातं होतं, जनधनमध्ये किमान शिल्लक ठेवायची अट नाही. तरीही शाखेने नकार दिला तर नकार लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बऱ्याचदा फॉर्म सापडतो. तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा नंबर १४४४८.

आता जरा थांबून वाचा. स्टेशन परिसरात, नाक्यावर, चहाच्या टपरीवर एक गोड बोलणारा मुलगा भेटतो. "काका, तुमचं खातं आणि सिम महिनाभर वापरायला द्या, पाच हजार देतो." कागद काढून द्यायलाही तो स्वतःहून मदत करतो. त्या खात्यातून ऑनलाइन फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. खातं गोठतं, आणि पोलीस शोधत येतात ते ज्याच्या नावावर खातं आहे त्याला. तो मुलगा तोवर कुठल्या कुठे असतो. एटीएम कार्ड, पिन, सिम यातलं काहीही, कितीही ओळखीचा असला तरी, देऊ नका. सहा महिन्यांची मेहनत या एका गोष्टीत गेलेली पाहिली आहे.

काम

नाक्यावर उभे राहणार असाल तर टेम्पोत बसायच्या आधी बोलणं उरकून घ्या.

"शेठ, हजेरी किती?"
"बसा तर आधी, बघू."
"तसं नाही. हजेरी किती, जेवण तुमचं की आमचं, सुट्टी किती वाजता आणि पैसे संध्याकाळी हातात की आठवड्याने, एवढं सांगा. मग बसतो."

असं विचारणाऱ्याला काम देत नाहीत ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणाऱ्याला बुडवायला माणूस कचरतो. खिशात छोटी वही ठेवा: तारीख, जागा, मुकादमाचं नाव, किती मिळाले, किती बाकी. साइटच्या पत्र्यावर बिल्डरचं नाव आणि महारेरा नंबर असतो, त्याचा पहिल्याच दिवशी फोटो काढा. मुकादम पळाला तरी ज्याच्या साइटवर घाम गाळला त्याच्याकडे बोट दाखवता येतं, आणि कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार देताना ती वही पुरावा म्हणून कामी येते.

वर्षात ९० दिवस बांधकामावर भरले आणि वय १८ ते ६० मध्ये असलं तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार देतो, तो देत नसेल तर महापालिकेचा नेमलेला अधिकारी. नोंदणीनंतर मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, अपघाताला मंडळाकडून मदत मिळते. असंघटित कामगार म्हणून ई-श्रमचं कार्डही काढून घ्या, ते मोफत आहे.

वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य अशी पाच मार्केटं आहेत आणि रात्रभर हालचाल असते. पण पाठीवर गोणी घेऊन चालणारा माथाडी १९६९ च्या कायद्याखाली नोंदलेल्या टोळीतला असतो. नवख्याला थेट टोळीत जागा मिळत नाही. गाळ्यावर माल निवडणं, क्रेट भरणं, झाडलोट, अशी कामं मात्र मिळतात. भिवंडीकडे, मानकोली-काल्हेरच्या गोदामांत पॅकिंगची भरती एजन्सीमार्फत होते. तिथे एकच विचारा: पीएफ (भविष्य निधी) आणि ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) कापता का? कापत असतील तर त्यांचे नंबर मागून घ्या. ईएसआयसीचं कार्ड हातात आलं की दवाखान्याची काळजी बरीच कमी होते.

जेवून-राहून काम, म्हणजे हॉटेल, ढाबा, कॅटरिंग, वॉचमनची केबिन. सुरुवातीला हे सोन्यासारखं वाटतं आणि काही महिन्यांसाठी खरंच बरं असतं, कारण भाडं नाही, खाणं मिळतं, पगार तसाच उरतो. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. नोकरी आणि अंथरूण एकाच माणसाच्या हातात असतं. शेठशी वाजलं की एकाच संध्याकाळी दोन्ही जातात, तेही कपडे बाहेर फेकले जाऊन. म्हणून असं काम घ्याच, पण आधारकार्ड शेठकडे ठेवायला देऊ नका, पगार खात्यात मागा, आणि निवाऱ्याशी संपर्क तोडू नका. उचल घेऊ नका. उचल फिटेपर्यंत माणूस नको तिथे अडकून पडतो.

हातगाडी, भाजीची पाटी, चहाचा धंदा यासाठी पीएम स्वनिधीचं पहिलं कर्ज आता पंधरा हजारांपर्यंत आहे. ते पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जागेवरून हटवलं, गाडी उचलून नेली, तर हप्ता कुठून भरणार? आधी दुसऱ्याच्या गाडीवर उभं राहून कुठे गिऱ्हाईक आहे आणि कुठे अतिक्रमणवाले येतात ते कळू द्या.

काम करणं शक्यच नसेल, अपंगत्व असेल, आजार असेल, तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज द्या. उत्पन्न वर्षाला एकवीस हजारांच्या आत आणि राज्यातलं वास्तव्य पंधरा वर्षांचं, या मुख्य अटी. महिना दीड हजार मिळतात. अपंग लाभार्थ्यांना २०२५ पासून अडीच हजार. पासष्ट वर्षांपुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे.

शरीर, दारू आणि मन

खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये खात्यात येतात. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची महापालिकेची रुग्णालयं हे जवळचे पर्याय आहेत. पायाच्या जखमेकडे दुर्लक्ष करू नका. रस्त्यावर ती चिघळते, आणि बूट घालता आला नाही की कामही जातं.

दारूबद्दल प्रवचन देत नाही. 'आधी पूर्ण सोडतो, मग निवाऱ्यात जातो' असं म्हणणारे रस्त्यावरच राहतात, एवढंच पाहिलंय. आत या, मग सोडायचं बघू. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टरला सांगून सोडा. हेल्पलाइन १४४४६.

रात्री दचकून उठणं, कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटणं, आवाज ऐकू येणं, यावर इलाज आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात बेघर माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, दारिद्र्यरेषेचं कार्ड नसलं तरी. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. तपासायला गेलं म्हणजे आत ठेवून घेतात असं नाही. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६. घर-गाव आठवत नसलेला कुणी दिसला, तर कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था अशा माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याचं काम वर्षानुवर्षं करते आहे.

खोली

सलग तीन महिने पैसे येत असतील, डिपॉझिट साठलं असेल आणि वर एका महिन्याचं भाडं शिल्लक असेल, तरच खोली बघा. घाई करून घेतलेली खोली पहिल्या आजारपणात हातची जाते. अधली पायरी म्हणून कॉट बेसिस चांगला: चौघे-सहा जण एका खोलीत, आपापल्या कॉटचं भाडं. पैसे साठवायला पोस्टातलं आवर्ती ठेव खातं घ्या, महिना शंभर रुपयांपासून उघडतं. भिशीत आत्ताच पडू नका.

स्वस्त खोल्या नवी मुंबईत गावठाणांत मिळतात: घणसोली, तळवली, कोपरखैरणे, करावे, दिवाळे. ठाण्यात किसननगर, कळवा-विटावा आणि दिवा. स्वस्त का, याचं उत्तर बऱ्याचदा बांधकामात असतं. शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली तेव्हा ७४ माणसं गेली, आणि ती अजून बांधून पुरी व्हायची होती. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची. प्रभाग समितीत जाऊन इमारतीचं नाव यादीत आहे का ते विचारा. खोली बघायला शक्यतो पावसात जा. भिंतीला ओल, कॉलमला तडा, जिन्यात सळई दिसते का, पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, विजेचा मीटर वेगळा आहे की मालक मनाला येईल तसं युनिट लावतो, हे त्याच इमारतीतल्या एखाद्या मावशींना विचारा. मालकाला विचारून उपयोग नाही.

मालक म्हणेल, "अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट कशाला, आपण घरच्यासारखे." घरच्यासारखे असलात तरी करून घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड त्याला होऊ शकतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार आणि मुद्रांक शुल्क पाव टक्का, शिवाय एजंटची हमाली. हा खर्च कुणी करायचा यावर घासाघीस करा, पण करार सोडू नका. पुढे पत्त्याचा खरा पुरावा हाच आहे. डिपॉझिट खात्यातून द्या. रोख दिलं तर पावती घ्या, आणि कागदावर सही न करणाऱ्या मालकाकडे सामान नेऊ नका.

'याआधी कुठे राहत होता?' हा प्रश्न येणारच. सगळं सांगायची सक्ती नाही. पण खोटा पत्ताही देऊ नका, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे जाते. "संस्थेच्या निवाऱ्यात होतो, आता अमुक ठिकाणी कामाला आहे," इतकं पुरतं. निवाऱ्याच्या व्यवस्थापकाचं आणि कामावरच्या साहेबांचं पत्र सोबत ठेवा. काही मालक तरीही नाही म्हणतात. दुसरी खोली बघायची.

आत गेल्यावर पहिल्या दिवशी नवं कुलूप लावा, जुन्याच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत देव जाणे. बादली, चटई, एक पातेलं, आणि गॅससाठी पाच किलोचा छोटू सिलेंडर. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. पहिल्या काही आठवड्यांत खोली खायला उठते. फलाटावर कितीही त्रास असला तरी आजूबाजूला माणसं असायची, इथे दार लावलं की नुसता पंख्याचा आवाज. चांगली खोली, भाडं भरलेलं, आणि माणूस रात्री पुन्हा ठाणे स्टेशनच्या पुलावर जाऊन बसलेला, असं घडतं. त्यात वेडेपणा काही नाही. रविवारी निवाऱ्यात चक्कर मारा, जवळच्या भजनाला, व्यायामशाळेत जा, संध्याकाळचा चहा ठरलेल्या टपरीवर घ्या. मात्र जुने सोबती 'चार दिवस राहतो' म्हणून आले तर नाही म्हणा. चाराचे चाळीस होतात आणि मालकाला निमित्त मिळतं. जेवायला बोलवा आणि निवाऱ्याचा पत्ता द्या.

घरच्यांना फोन कधी करायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त पहिल्या पगारातून सगळे पैसे गावी पाठवू नका.

नोंदलेला करार हातात आला की आधारवरचा पत्ता बदला, मतदार यादीसाठी नमुना ८ भरा आणि बँकेला कळवा. मुलं असतील तर जवळच्या महापालिका शाळेत घेऊन जा. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून पहिली ते आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो. कराराच्या दहाव्या महिन्यात मालकाशी पुढच्या अकरा महिन्यांचं बोलून घ्या, आणि भाडं किती वाढणार ते त्याच वेळी लिहून घ्या.